सेंट अँड्र्यूजचें कुरण आणि काठीचा वेग

एडिंबरोहून उत्तरेस निघालेली आगगाडी फोर्थच्या खाडीवरील त्या प्रसिद्ध लोखंडी पुलावरून जाते आणि तासाभरांत ल्यूकर्स नांवाच्या लहानशा स्टेशनावर प्रवाशास उतरवते. पुढें रूळ नाहींत. सेंट अँड्र्यूजला जाणारा फांटा 1969 सालीं बंद झाला. तेव्हांपासून उरलेलें चार-पांच मैलांचें अंतर बसनें काटावें लागतें. बस गांवाजवळ येऊं लागली कीं डाव्या हातास समुद्र आणि समुद्राच्या अलीकडे फिक्या हिरव्या रंगाचें, झाडाझुडपांवांचून पसरलेलें एक कुरण दृष्टीस पडतें. आमच्या कोंकणांत पुळण संपली कीं केवड्याचीं बनें आणि माडांच्या रांगा सुरू होतात. येथें पुळण संपली कीं वाऱ्यानें चोपून बसविलेलें खुरटें गवत सुरू होतें. या जमिनीला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. पिकाऊ शेतजमीन आणि समुद्र यांच्या मधली ही वाळूमिश्रित पट्टी. नांगरास निरुपयोगी, गुरांस बेताची, सशांस मात्र फार प्रिय. जगभर श्रीमंतांचा म्हणून ओळखला जाणारा गोल्फचा खेळ अशा टाकाऊ जमिनीवर वाढला, हें प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मनास पटत नाहीं.

आणि ही जमीन कोणा धनिकाचीही नव्हे. 1552 मध्यें तेथील आर्चबिशपनें दिलेल्या सनदेंत या कुरणावर गोल्फ खेळण्याचा गांवकऱ्यांचा हक्क मान्य केलेला आहे. पुढें 1797 सालीं कर्जबाजारी झालेल्या नगरपालिकेनें हें कुरण विकलें आणि तें सशांचा व्यापार करणारांच्या हातीं गेलें. ससे बिळें पाडीत, खेळणारे ससे मारीत, आणि दोन्ही पक्षांची कज्जेदलाली कित्येक वर्षें चालली. शेवटीं 1894 मध्यें पार्लमेंटाच्या कायद्यानें कुरण पुन्हां गांवाच्या मालकीचें झालें. आजही त्याची व्यवस्था एका सार्वजनिक विश्वस्त मंडळाकडे आहे. हा इतिहास आम्ही येथें मुद्दाम सांगत आहों, कारण पुढें वेगाचा विषय निघेल तेव्हां जमीन कोणाची हें वाचकांच्या ध्यानांत असलेलें बरें.

आम्ही उभयतां तेथें गेलों तें केवळ देशाटनासाठीं नव्हे. आमच्या वडील बंधूंचा धाकटा मुलगा तेथील विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचा अभ्यास करतो. (हें विद्यापीठ 1413 चें, स्कॉटलंडांत याहून जुनें दुसरें नाहीं.) चार महिन्यांपूर्वीं त्याची कंबर धरली आणि तो दहा दिवस अंथरुणावर होता, इतकें घरीं कळलें. कशानें धरली हें मात्र त्यानें फार दिवस कळविलें नाहीं. अखेर गोल्फची काठी जोरानें फिरवितांना धरली, असें उघडकीस आलें, तेव्हां वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें, आणि आम्ही तिकिटें काढलीं. एकवीस वर्षांच्या मुलाची कंबर एका चेंडूपायीं जावी हें घरांत कोणासच समजण्यासारखें नव्हतें. काठी इतक्या वेगानें फिरवायची तरी कशाला, आणि फिरवायचीच तर मोडल्याशिवाय ती फिरत नाहीं काय, एवढे दोन प्रश्न घेऊन आम्ही गेलों होतों.

पहिला दिवस रविवारचा होता. ‘ओल्ड कोर्स’ या नांवाचें जें मुख्य मैदान, त्यावर रविवारीं खेळ बंद असतो आणि सारा गांव तेथें फिरावयास येतो. बाया लहान मुलांच्या गाड्या ढकलीत होत्या, कुत्रीं मोकाट धांवत होतीं, म्हातारे हात मागें बांधून चालले होते. ज्या हिरवळीवर एक दिवस खेळावयास मिळावें म्हणून अमेरिका-जपानांतून लोक येतात, तिच्यावरून आम्ही वहाणा घालून स्वस्थ फिरलों. पुतण्या पुढें आणि आम्ही मागें. स्विल्कन नांवाचा ओढा एवढासा कीं पावसाळ्यांत आपल्याकडच्या शेताच्या बांधावरूनही याहून अधिक पाणी वाहतें. त्यावर दगडी कमानीचा चिमुकला पूल आहे आणि त्यावर उभें राहून छायाचित्र घेणारांची रीघ लागलेली होती. मैदान समुद्राच्या बाजूनें बाहेर जातें आणि वळसा घेऊन गांवाकडे परत येतें. जातांना आणि येतांना बहुतेक हिरवळी सामाईक आहेत. एकाच विस्तीर्ण हिरवळींत दोन खळग्या आणि दोन निशाणें. अशा सात जोडहिरवळी असून त्यांतील दोन खळग्यांच्या क्रमांकांची बेरीज प्रत्येक वेळीं 18 च येते, ही गंमत पुतण्यानें सांगितली. वाळूचे खड्डे शंभरावर आहेत आणि त्यांपैकीं पुष्कळ असे कीं टी वरून, म्हणजे आरंभाच्या जागेवरून, ते दिसतच नाहींत. चौदाव्या खेळांतला ‘हेल’ म्हणजे नरक या नांवाचा खड्डा आम्हीं आंत उतरून पाहिला. सौ. म्हणाल्या कीं याहून खोल चर आमच्या परसांत पाण्याच्या टाकीसाठीं खणला होता; पण त्या चरांतून बाहेर चेंडू मारावयाचा नव्हता, हें खरें.

याच मैदानावर गेल्या शतकाच्याही आधींच्या काळांत एडिंबरोचे एक प्राध्यापक सुट्टींत येऊन खेळत असत. पीटर गथरी टेट त्यांचें नांव. 1831 ते 1901 हा त्यांचा काळ. गणित आणि पदार्थविज्ञान या दोहोंत त्यांचें नांव मोठें. चेंडू मारल्यावर इतका वेळ हवेंत राहतो कसा, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसूं देईना. नुसत्या वेगानें फेकलेली वस्तु इतका वेळ तरंगूं नये, असें हिशेब सांगे. मग त्यांनीं एक साधा प्रयोग केला. चेंडूला लांब फीत बांधली, फितीचें दुसरें टोंक जमिनीला, आणि एका चांगल्या खेळाडूकडून तो चेंडू थोड्या अंतरावरील घट्ट चिकणमातीच्या भिंतींत मारविला. पाहतात तों फितीला पीळ पडलेले. म्हणजे चेंडू पुढें जातांना स्वतःभोंवतीं मागच्या बाजूस फिरत होता, आणि त्या फिरकीनेंच हवा त्याला वर उचलून धरीत होती. आज मोठमोठीं यंत्रें जें दाखवितात त्याचें मर्म या गृहस्थानें एका फितीनें ओळखलें. त्यांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळचा नामांकित खेळाडू. 1893 च्या जानेवारींत, जमीन थंडीनें गोठली असतां, त्यानें याच मैदानावर मारलेला चेंडू घरंगळत सुमारें 340 यार्ड गेला. बापानें गणितानें एक मर्यादा सिद्ध केली आणि दुसऱ्याच दिवशीं मुलानें ती मोडली अशी गोष्ट सांगतात. ती आख्यायिकाच समजावी. फ्रेडी टेट 1896 आणि 1898 अशीं दोन वर्षें हौशी खेळाडूंचें अजिंक्यपद मिळवून 1900 मध्यें दक्षिण आफ्रिकेच्या लढाईंत तिसाव्या वर्षीं पडला. वडील पुढल्याच वर्षीं गेले.

आतां वेगासंबंधीं. पुतण्या बोलत होता तें आम्हांस जितकें कळलें तितकें सांगतों. काठीच्या टोंकाचें वजन सुमारें 200 ग्रॅम असतें आणि चेंडूचें 46 ग्रॅमांच्या आंत. दोहोंची गांठ पडते ती सेकंदाच्या दोन-हजाराव्या हिश्शाहूनही थोडी कमी. एवढ्यांत चेंडू काठीला चिकटून बोटभर अंतर जातो आणि सुटतो. टोंकाचा जो वेग असेल त्याच्या साधारण दीडपट वेग, फटका अगदीं मध्यावर बसला तर, चेंडूस मिळतो. नियमांनीं काठीच्या पत्र्याच्या उसळीवर मर्यादा घातलेली असल्यामुळें याहून अधिक मिळत नाहीं. मग टोंक जड करावें असें कोणीही म्हणेल. परंतु वजन दुप्पट केलें तरी चेंडूचा वेग शेंकडा दहाच्या आसपासच वाढतो, आणि तोही ती जड काठी पूर्वींइतक्याच वेगानें फिरली तर. ती अर्थात् फिरत नाहीं. म्हणून सारा भार वेगावर येऊन पडतो. काठीचा वेग ताशीं एक मैल वाढला कीं चेंडू अदमासें अडीच यार्ड पुढें पडतो, असा ठोकळ हिशेब आहे. अमेरिकेंतील धंदेवाईक पुरुष खेळाडूंचा सरासरी वेग ताशीं 115 मैलांच्या जवळपास, स्त्रियांचा 95 च्या आसपास, आणि सामान्य हौशी पुरुषाचा त्या स्त्रियांइतकाच किंवा थोडा कमी. आमच्या पुतण्याचा 98 होता आणि त्यास 110 हवा होता. कंबर धरली ती या बारा मैलांसाठीं.

आम्हीं त्यास विचारलें, “अरे, त्या बायकांचा वेग तुझ्याहून कमी, आणि तरी त्यांचा चेंडू तुझ्यापुढें जातो, असें तूंच म्हणतोस ना?”

“हो काका,” तो म्हणाला, “त्यांचा फटका दर वेळीं मध्यावर बसतो. माझा बसत नाहीं.”

“मग आधीं तें कर कीं!”

तो हंसला. तरुणांस मध्य साधण्यापेक्षां वेग वाढविण्यांत अधिक पुरुषार्थ वाटतो, आणि हें गोल्फपुरतेंच खरें आहे असें नाहीं.

वेग कोठून येतो हें कळल्यावर मात्र आम्ही चकित झालों. आमची समजूत अशी होती कीं जो दांडगा त्याचा वेग मोठा. आतां दंडांतील बळ निरुपयोगी आहे असें कोणी म्हणत नाहीं. पण हातांचा स्वतःचा वेग काठीच्या टोंकाच्या वेगाच्या चौथ्या-पांचव्या हिश्शाहून फारसा अधिक नसतो. उरलेला सारा वेग क्रमांतून उत्पन्न होतो. काठी मागें नेतांना साधारण पाऊण सेकंद लागतो आणि खालीं आणतांना पाव. या पाव सेकंदांत आधीं कंबर चेंडूच्या बाजूस वळूं लागते, त्या वेळीं काठी वर अजून मागेंच जात असते. मग कंबर मंदावते आणि तिचा वेग छातीस मिळतो. छाती मंदावते आणि तो बाहूंस मिळतो. बाहू मंदावतात आणि मनगटांत दुमडून राहिलेली काठी आपोआप उलगडून टोंकाशीं सारा वेग गोळा होतो. मागला थांबला म्हणून पुढला धांवला, असा हा प्रकार आहे. बैलगाडीवाला आसूड उडवितो तेव्हां त्याची मूठ झटक्यानें थांबते आणि कडाडतें तें टोंक, तसेंच हें. यांत कोणी मधल्यामधें घाई केली, म्हणजे वरूनच दंडाचा जोर लावून काठी लौकर उलगडली, तर चेंडूपाशीं पोचेपर्यंत वेग खर्ची पडलेला असतो. जोर जितका अधिक लावावा तितका वेग कमी, असा विलक्षण अनुभव म्हणूनच नवशिक्यांस येतो. ऑलस्टेअर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांनीं 1968 मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, एकाला एक जोडलेल्या दोन लंबकांच्या रूपानें, ही गोष्ट चांगली समजावून दिली आहे. पुतण्याकडे त्याची फाटकी प्रत होती. अभ्यासाचीं पुस्तकेंही इतकीं फाटलेलीं आम्हांस दिसावयास हवीं होतीं.

सोमवारीं सकाळीं त्याच्याबरोबर सराव-मैदानावर गेलों. त्याला शिकविणाऱ्या बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलण्यांत तुटक. कंबर धरल्यानंतर हा त्यांच्याकडे आला. त्यांनीं पहिल्या दिवशीं एकच गोष्ट पाहिली म्हणे: पाय. मुलगा दोन्ही टांचा जमिनीस खिळवून, कंबर जराही न वळवितां, केवळ छाती पिळून काठी मागें नेत होता. असें केल्यानें ताण वाढून वेग वाढतो असें कोठें तरी त्याच्या वाचनांत आलें होतें. तो ताण पडे पाठीच्या खालच्या मणक्यांवर, आणि दिवसास दोन-दोनशें चेंडू. बाईंनीं डावी टांच उचलावयास लावली. टांच उचलली कीं कंबर मागें वळते, काठी अधिक लांबवर जाते, आणि पुढें येतांना तीच टांच जमिनीवर दाबली कीं पायांतून ढकल मिळते. जुने खेळाडू असेंच करीत. हल्लींच्या यंत्रांनींही दाखविलें आहे कीं ज्यांचा वेग मोठा ते चेंडूवर फटका बसण्यापूर्वीं जमीन पायांनीं जोरानें दाबतात, जणुं उडी मारावयाची आहे. जमिनीला ढकलल्याशिवाय जमिनीवरून कोणासच वेग मिळत नाहीं. हें आमच्या आखाड्यांतील वस्तादासही ठाऊक असतें.

मग त्यांनीं एक खेळ करून दाखविला, तो आमच्या वाचकभगिनींसही सहज करून पाहतां येईल. काठी उलटी धरावयाची, जड टोंक हातांत आणि मूठ खालीं, चेंडू नाहीं, कांहीं नाहीं, नुसती फिरवावयाची. हवेंत ‘सूं’ असा आवाज होतो. प्रश्न एवढाच कीं तो आवाज कोठें होतो? पुतण्यानें फिरविली तेव्हां आवाज त्याच्या उजव्या खांद्याजवळ आला. म्हणजे वेग तेथेंच संपला. बाईंनीं फिरविली तेव्हां जेथें चेंडू असावयाचा त्याच्याही थोडा पुढें, डाव्या पायाजवळ, स्पष्ट सूं ऐकूं आला. त्यांच्या दंडांत आमच्या पुतण्याच्या निम्मेंही बळ नसेल.

सौ. बाकावर शाल गुंडाळून बसल्या होत्या. त्यांचें माहेर मिरजेच्या बाजूस खेड्यांत; लहानपणीं शाळू राखणीला आला कीं माळ्यावर बसून गोफण फिरविण्यांत त्या भावंडांस हार जात नसत. त्या उठल्या आणि मराठींतच म्हणाल्या, “आण ती काठी इकडे.” बाई कौतुकानें बाजूस झाल्या. पहिल्या दोन खेपांस कांहीं जमलें नाहीं. तिसऱ्या खेपेस आवाज बरोबर डाव्या पायाशीं आला.

“काकू, हें कसें केलंत?”

“अरे, गोफणींतला दगड आपण फेकायचा नसतो. आपण हात आवरायचा, तो आपसूक सुटतो. तूं मघांपासून दगडच धरून ठेवतो आहेस.”

बाईंस याचें भाषांतर करून सांगितलें तेव्हां त्यांनीं गोफण म्हणजे काय तें खोदून खोदून विचारलें. सुतळीची एक करून पाठविण्याचें सौ. नीं कबूल केलें आहे.

वेग वाढविण्याचे पुढले उपाय बाईंनीं सांगितले ते फार मोठे गूढ नव्हेत. मूठ सैल, आंवळली कीं मनगट लांकडासारखें होतें. आठवड्यांतून तीन दिवस, मधें एक-एक दिवस विश्रांति देऊन, नेहमींच्या काठीहून किंचित् हलकी आणि किंचित् जड अशा दोन काठ्या पूर्ण वेगानें थोडा वेळ फिरवावयाच्या. हलकीमुळें शरीरास आपण याहून जलद हलूं शकतों हें कळतें. त्याखेरीज मांड्या आणि पाठ यांचा नियमित व्यायाम. इंग्लंडचा मॅट फिट्झपॅट्रिक हा अंगानें सडपातळ खेळाडू. अशाच पद्धतशीर सरावानें त्यानें वेग वाढविला आणि 2022 सालीं अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. दुसऱ्या बाजूस ब्रायसन डिशँबो यानें थोड्या काळांत अंगावर मणभर नव्हे तरी अर्धा मण मांस चढवून वेग वाढविला, आणि त्यानेंही 2020 मध्यें तीच स्पर्धा जिंकली. दोन्ही मार्ग पोंचतात, हें कबूल केलें पाहिजे. आम्हांस पहिला पसंत, पण आम्हांस विचारतो कोण! बाईंनीं पुतण्यास तीन महिन्यांत दोन-तीन मैलांहून अधिक वाढीची आशा दाखविलेली नाहीं, आणि पाठ दुखली कीं त्या दिवशीं काठी हातांत घ्यावयाची नाहीं अशी अट घातली आहे. त्या दिवशीं त्या लहानशा मापनपेटीवर, जिच्यांतून निघालेल्या अदृश्य लहरी काठीवर आदळून परत येतात आणि वेग सांगतात, त्याचा आंकडा 99 आला. 110 चें नांव त्यानें काढलें नाहीं.

संध्याकाळीं अठराव्या, म्हणजे अखेरच्या हिरवळीजवळ कठड्यास टेकून उभे राहिलों. हें ठिकाण मोठें मौजेचें. हिरवळ गांवाला अगदीं लागून आहे. कठड्यापलीकडे रस्ता, दुकानें, घरें. हिरवळीच्या पुढल्या अंगास एक खोलगट उतार आहे, त्यास ‘पापाची दरी’ म्हणतात. टी पासून हिरवळीपर्यंत अंतर 357 यार्ड. 1970 सालच्या खुल्या स्पर्धेंत निकालाच्या जादा फेरींत जॅक निक्लॉसनें येथें अंगावरचा स्वेटर काढून ठेवला आणि चेंडू मारला तो हिरवळ ओलांडून मागें गेला. त्या काळीं या गोष्टीचें केवढें नवल झालें! 1995 मध्यें जॉन डेली येथें जिंकला. त्याची काठी मागें जाऊन डोक्यावरून पार खालीं येत असे. आणि 2022 मध्यें, दीडशेंव्या खुल्या स्पर्धेच्या अखेरच्या दिवशीं, कॅमेरॉन यंगनें या खेळाची हिरवळ पहिल्याच फटक्यांत गांठून दुसऱ्या फटक्यांत चेंडू खळगींत घातला.

पण तो जिंकला नाहीं. जिंकला कॅमेरॉन स्मिथ, ज्याची कीर्ति वेगासाठीं नव्हे. त्याच दिवशीं रोरी मॅकिलरॉय हा उत्तर आयर्लंडचा वेगवान खेळाडू स्मिथच्या चार फटके पुढें होता. त्यानें 18 पैकीं 18 हिरवळी नियमाप्रमाणें गांठल्या आणि प्रत्येक हिरवळीवर दोन-दोन फटके घेतले. स्मिथनें दहाव्या खेळापासून ओळीनें पांच वेळां एकेक फटका वांचविला. सतराव्यास त्याचा चेंडू एका भयंकर खड्ड्याच्या आड अडकला, तेव्हां त्यानें तो उंच उडविण्याचें साहस न करितां, हिरवळीवर वापरावयाच्या साध्या काठीनें खड्ड्याला वळसा घालून घरंगळत नेला. ताशीं पांच मैलांचाही वेग त्या फटक्यास नसेल. स्पर्धा तेथें जिंकली गेली असें पुतण्याही मान्य करतो.

तरीसुद्धां वेग वाढतच आहे, आणि त्याची झळ या कुरणास पोचते आहे. 1995 सालीं खुल्या स्पर्धेसाठीं या मैदानाची लांबी 6,933 यार्ड होती. 2022 मध्यें 7,313. जमीन तर वाढली नाहीं. एका बाजूस समुद्र आणि खाडी, दुसऱ्या बाजूस गांव. मग लांबी आली कोठून? आरंभाच्या जागा मागें सरकवून. 2010 सालीं सतराव्याची टी मागें नेतां नेतां ती मैदानाच्या हद्दीबाहेर, त्या बंद पडलेल्या लोहमार्गाच्या पलीकडे, सराव-मैदानांत जाऊन बसली. 2025 मध्यें आणखी कांहीं जागा मागें नेण्याचा बेत जाहीर झाला. आमचें मत स्पष्ट आहे: जमीन ताणण्यापेक्षां चेंडू आवरावा. जमीन सार्वजनिक, चेंडू कारखान्यांतला. गोल्फच्या दोन्ही नियामक मंडळांनींही 2023 च्या डिसेंबरांत तसेंच ठरविलें. चेंडूची परीक्षा घेणाऱ्या यंत्राच्या काठीचा वेग ताशीं 120 मैलांवरून 125 करावयाचा, आणि एवढ्या वेगानेंही चेंडू पूर्वींच्याच 317 यार्डांच्या मर्यादेबाहेर जाऊं नये. 2028 पासून क्रमाक्रमानें अंमल व्हावा असें तेव्हां सांगण्यांत आलें, आणि अत्यंत वेगवान खेळाडूंचे तेरा ते पंधरा यार्ड त्यानें कमी होतील असा अंदाज वर्तविण्यांत आला.

पुतण्यास हें मान्य नाहीं. “काका, माणसानें कष्ट करून वेग मिळवायचा आणि तुम्ही चेंडूच लंगडा करायचा?” त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. स्पर्धेंतल्या शंभर-दीडशें लोकांसाठीं सगळ्या जगाचा चेंडू कां बदलावा, हाही प्रश्न तो विचारतो. त्यावर, तो चेंडू जेथें पडतो तें कुरण रविवारीं फिरावयास येणाऱ्या म्हाताऱ्यांचेंही आहे, एवढेंच उत्तर आमच्यापाशीं होतें. तो वाद जेवणाच्या टेबलापर्यंत चालला आणि तेथें सौ. नीं तो बंद केला.

पण तें मागाहून. संध्याकाळीं कठड्यापाशीं उभे असतां, शेवटची चौकडी अठराव्याच्या टी वर आली. त्यांत एक धिप्पाड अमेरिकन तरुण होता. या खेळाच्या वाटेंत एक सार्वजनिक रस्ता आडवा जातो. गांवांतून पुळणीकडे जाणारे लोक आणि मोटारीही त्यावरून ये-जा करतात. तरुणानें पवित्रा घेतला, इतक्यांत एक बाई लहान मुलाची गाडी घेऊन त्या रस्त्यावर आली. मुलाचा मोजा पडला म्हणून ती परत फिरली, तो उचलला, मुलाच्या पायांत घातला, आणि मग सावकाश पुढें निघाली. तरुण चेंडूपासून दूर होऊन काठी खांद्यावर टाकून उभा राहिला. बाई कुंपणापलीकडे गेल्यावर त्यानें मारलेला चेंडू आमच्या डोळ्यांस दिसलाच नाहीं. पापाच्या दरींत टप् करून पडला तेव्हां कळलें. त्याच्यामागून त्याच्या बरोबरचे सत्तरीचे गृहस्थ आले. त्यांनीं डावी टांच चांगली वर उचलून काठी फिरविली. त्यांचा चेंडू रस्त्याच्या बराच अलीकडे पडला, कोरड्या टणक जमिनीवर घरंगळत निघाला, आणि डांबरावरून एक उडी घेऊन पलीकडच्या गवतांत जाऊन थांबला.